नापोलीत मी ‘येतो’ म्हणालो

इटलीत नापोली नावाचं शहर आहे. नकाशावर त्याला नेपल्स म्हणतात, पण तिथं राहणारं कोणी तसं म्हणत नाही, म्हणून मीही म्हणणार नाही. या वसंतात मी तिथं तीन आठवडे राहून आलो, आणि नुसता राहून नाही, शाळेत जाऊन आलो. वेम्बलीला भाजी घेताना, देवळात, पिनरच्या बागेतल्या बाकावर, जो भेटेल तो विचारतो, आप्पा, कसं होतं? मी सांगायला लागतो आणि गाडी एका जागी येऊन अडते. तिथून पुढचं सांगितलं की लोक एकमेकांकडं बघतात. म्हणून लिहून काढलं. वाचणाऱ्याला मध्ये तोंड घालता येत नाही.

माझं शिक्षण चौथी पास. ते लपवण्यासारखं नाही. आयुष्य एसटी चालवण्यात गेलं, तेही घाटातल्या रूटवर. मुलगा सुहास डॉक्टर होऊन इकडं लंडनला हॉस्पिटलात लागला, त्याच्यामागं मी आणि शालन पिनरला आलो. शालन म्हणजे माझी बायको. ती दोन वर्षांमागं गेली. तेव्हापासून दिवसभर घरात मी आणि बॉयलर. सुहास आणि सूनबाई दोघं ड्युटीवर. त्यांनी ठरवलं की आप्पांना डे सेंटरला घालावं. मी जाऊन बघितलं. गोल मांडलेल्या खुर्च्या, खुर्च्यांत माणसं, आणि माणसांना कोणीतरी मोठ्यानं विचारतंय, चहा हवा का. मी परत आलो.

नात सई एडिनबराला शिकते. यंदाचं वर्ष तिला नापोलीत काढायचं होतं, जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकण्यासाठी. ती तिथून फोनवर म्हणाली, "आजोबा, तुम्ही इकडे ये ना. माझा खोली मोठी आहे." सईचं मराठी असं आहे. बाई कोण, बुवा कोण, टेबल कोण, तिला काही ठरवता येत नाही.

सुहास म्हणाला, "आप्पा, तिथं नुसते चढ आहेत. भाषा नाही. तुम्हाला झेपणार नाही."

झेपणार नाही म्हटल्यावर विषय संपला. मी म्हटलं, तिकीट काढ, आणि भाषेची शाळा असेल तर तिथंही नाव घाल.

गल्ली

नापोली समुद्राच्या कडेला आहे. समोर ज्वालामुखीचा डोंगर, दोन वशिंडांचा. कुठूनही मान वर केली की दिसतो, आणि तिथलं कोणी त्याच्याकडं बघत नाही. मी सईला विचारलं, "हा पेटला तर?"

"पेटेल ना कधीतरी," ती म्हणाली आणि चालत राहिली. चार महिन्यांत पोरगी तिथल्यासारखी झाली होती.

तिची खोली एका टेकडीच्या पायथ्याला, जुन्या वस्तीत. गल्ली एवढी अरुंद की आमची गाडी आत घातली असती तर दोन्ही बाजूंचे आरसे गेले असते. वर दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे. तळमजल्याची घरं थेट रस्त्यावर उघडतात. आत पलंग, पलंगावर म्हातारी, म्हातारीच्या डोक्यावर मेलेल्या नवऱ्याचा फोटो आणि फोटोखाली लाल दिवा. पिनरला इतकी वर्षं राहून शेजाऱ्याचा सोफा कुठल्या रंगाचा आहे ते मला माहीत नाही. इथं पहिल्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीतले मेलेले नवरे ओळखीचे झाले.

घरं पिवळट मऊ दगडाची. सई म्हणाली, तो दगड घराखालूनच काढलेला आहे. म्हणजे जेवढं शहर वर, तेवढी पोकळी खाली. टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखायची माझी सवय. त्या गल्लीत मी काठी आपटून बघितली. खाली भरीव नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीवाल्याच्या दुकानावरून चाललो होतो. आतून तो म्हणाला, "या." मी थांबलो. "या, या, या." एवढ्या अगत्यानं बोलावल्यावर पुढं कसं जायचं? आत गेलो आणि स्टुलावर बसलो. तो माझ्याकडं बघतोय, त्याची बायको माझ्याकडं बघतेय. सई मला शोधत आली तेव्हा मी तसाच बसलेलो होतो.

"आजोबा, तो तुम्हाला नाही म्हणत. बायकोला म्हणतो. इथे या म्हणजे चल, आटप, कम ऑन, असं."

"मग तसं म्हणावं."

"तेच म्हणतो ना तो."

त्यानंतर दिवसभर तो शब्द कानावर. खिडकीतून आई पोरांना या, स्कूटरवाला पुढच्याला या. अर्थ कळला होता, तरी प्रत्येक वेळी मान वळायची. जन्मभर ज्या शब्दाला वळलो तो असा कसा सुटेल.

सईची घरमालकीण असुंता. माझ्याच वयाची, काळा स्वेटर, गुडघे गेलेले, नवरा गेलेला, मुलगा जर्मनीत. सईनं ओळख करून दिली तेव्हा ती म्हणाली, "दोन आप्पा."

मी म्हटलं, "सई, सांग तिला. एकच आहे."

"आजोबा, दोन म्हणजे राव, साहेब. रिस्पेक्ट देते ती."

मग चालेल म्हटलं. असुंता तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. दोघांनाही समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय नसल्यामुळं आमचं चांगलं जमलं.

खाणं सांगतो. पावट्यासारख्या पांढऱ्या दाण्यांच्या आमटीत मोडकातोडका पास्ता शिजवतात, आमटीतल्या चकोल्यांचा भाऊच. पिझ्झा चक्क तळतात. एक मिठाई आहे पदरापदराची, चिरोट्यासारखी, आत गोड चीज. कॉफी एका घोटाची, पण तो घोट घेतल्यावर जुनी गाडी जोर खाऊन चढाला लागल्यासारखं होतं. मी पिनरहून शेंगदाण्याची चटणी नेली होती. असुंतानं बोटानं चाखली, डोळे मिटले, आणि बरणी उचलून मेरीमातेच्या मूर्तीशेजारी ठेवली. परत मिळाली नाही.

जेवण झालं की गल्लीतली सगळी दारं बंद. भर उन्हात चिटपाखरू नाही. पहिल्या आठवड्यात मी त्या वेळी काठी घेऊन निघालो तर असुंता दारात आडवी उभी राहिली. आता नाही, ही त्यांची वेळ. कोणाची? तिनं बोट जमिनीकडं दाखवलं.

माझी आई हेच सांगायची. टळटळीत दुपारी पिंपळाखालून जाऊ नये. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं काही बरं नव्हतं.

शाळा

शाळा एका जुन्या मठात भरायची. बाई मार्तीना, सईपेक्षा थोडी मोठी. वर्गात एक जर्मन जोडपं, एक जपानी मुलगी आणि मी. मी सगळं देवनागरीत लिहून घ्यायचो. इटालियन आपल्यासारखी आहे, जसं बोलतात तसं लिहायचं, त्यामुळं चांगली बसते. इंग्रजी कधी बसली नाही. मार्तीनाबाईंनी वाकून माझी पाटी बघितली, म्हणजे वही, आणि म्हणाल्या, तुमची अक्षरं आमच्या गल्लीतल्या कपड्यांसारखी दोरीवर वाळत घातलेली दिसतात.

मी येतो म्हणजे वेंगो. मी जातो म्हणजे वादो. हे पहिल्याच आठवड्यात झालं.

मग निरोप शिकवला. आरिवेदेर्ची म्हणजे पुन्हा भेटू. आणि एक शब्द अद्दीओ. बाई म्हणाल्या, तो पुस्तकात आहे म्हणून सांगते, पण वापरू नका. अद्दीओ म्हणजे कायमचं. जिवंत माणसाला कोणी म्हणत नाही.

मी हात वर केला. म्हटलं, आमच्यात पण आहे. आम्ही निघताना वादो म्हणत नाही, वेंगो म्हणतो.

जर्मन म्हणाला, "निघताना? येतो म्हणता?"

"हो."

"मग घरात आल्यावर काय म्हणता?"

"आल्यावर काय म्हणायचं? दिसतंय की आलोय."

सगळे हसले. मार्तीनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि ज्याला सांगता तो काय उत्तर देतो?"

"या. म्हणजे परत या."

खाली

असुंता दर सोमवारी एका देवळात जायची. म्हणजे चर्चमध्ये, पण ते देऊळच आहे, आत तेवढीच गर्दी आणि तेवढाच धूर. दुसऱ्या सोमवारी तिनं मला आणि सईला नेलं. सईला तिथलं एक जुनं चित्र बघायचं होतं.

मूर्तीच्या मागून खाली पायऱ्या जातात. खाली दगडात खोदलेली लांब खोली आहे आणि तीत हाडं आहेत. रोगाच्या साथीत, दुष्काळात मेलेल्यांची, ज्यांना कोणी नव्हतं त्यांची. कवट्या ओळीनं मांडलेल्या, शिधावाटपाच्या रांगेसारख्या. पूर्वी बायका त्यातली एकेक दत्तक घ्यायच्या. पुसायची, काचेच्या पेटीत ठेवायची, फूल वाहायचं, आपलं गाऱ्हाणं सांगायचं. मग तो मेलेला माणूस स्वप्नात येऊन आपलं नाव सांगतो, म्हणे. धर्मगुरूंनी हे कधीच बंद केलंय. असुंताला ते मान्य नाही.

तिची कवटी तिच्या आईकडून आलेली. लाकडी पेटी, वर काच. सईनं विचारलं, नाव काय याचं? असुंता म्हणाली, सांगितलं नाही. आई स्वप्नात विचारत राहिली, आता मी विचारते. येतो, पण पाठ करून उभा राहतो.

बाकीच्या कवट्या धुळीनं कोरड्या होत्या. ही ओली होती. कपाळावर थेंब, घाम फुटल्यासारखे. असुंतानं पांढऱ्या फडक्यानं पुसली आणि तिच्याशी बोलायला लागली. गुडघ्यांचं सांगितलं. जर्मनीतला मुलगा फोन करत नाही ते सांगितलं. मग माझ्याकडं हात करून म्हणाली, हे दोन आप्पा, लोन्द्राहून, म्हणजे लंडनहून, आलेत. मी टोपी काढून नमस्कार केला. ओळख करून दिल्यावर करायलाच पाहिजे.

परत निघालो. पुढं असुंता, तिला धरून सई, मागं मी. त्या दोघी वळणावरून वर गेल्या. मी पायरीवर पाय ठेवला आणि थांबलो. कोणाकडंही गेलं की निघताना सांगून निघायचं, चहा मिळो न मिळो. मी मागं वळून म्हणालो, "बरं, येतो."

मागून आवाज आला, "या."

मोठा नाही. घरातलं म्हातारं माणूस जागेवरून न उठता म्हणतं, तसा.

मला वाटलं राखणदार असेल, दार लावायची घाई असेल त्याला. तो त्याच्या अर्थानं या म्हणाला असेल. वर आलो. राखणदार रस्त्यापलीकडं उन्हात सिगारेट ओढत उभा होता.

सईला सांगितलं तर ती म्हणाली, "खाली कोणी नव्हता, आजोबा. एको असेल."

"एको झाला तर येतोचा येतो होईल. या कसा होईल?"

असुंतानं विचारलं, काय झालं, दोन आप्पा काय बोलले? सईनं शाळेत शिकल्यासारखं सरळ भाषांतर केलं: वेंगो. असुंता जागच्या जागी थांबली. हाताची दोन बोटं शिंगासारखी जमिनीकडं केली, अशुभ टळावं म्हणून तिकडं करतात तशी. मग हळू विचारलं, आणि तो?

"या," मी म्हणालो.



ताप

त्या संध्याकाळी जेवणात काळे शिंपले होते, लिंबू पिळलेले. सईनं खाल्ले, असुंतानं खाल्ले. मी घाटावरचा माणूस, मी नुसता पाव खाल्ला. सकाळी सई थंडीनं कुडकुडत होती. हात लावला तर अंग तव्यासारखं.

डॉक्टर आला. पोट दाबलं, जीभ बघितली, म्हणाला शिंपल्यांनी झालंय, औषध घ्या, भरपूर पाणी, दोन-तीन दिवस लागतील. मी सुहासला फोन लावला.

"आप्पा, बरोबर सांगतोय तो. पाणी पाजत राहा. मी रोज बघतो असे पेशंट."

"असुंतानं पण खाल्लेत. तिला काही नाही."

"होतं असं, आप्पा."

"का होतं?"

"आप्पा, मी वॉर्डात आहे. संध्याकाळी बोलू."

दुसऱ्या दिवशी ताप आणखी चढला. दुपारी असुंतानं मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि समोर बसली. टेबलावर आम्हा दोघांचीच जेवणं झाली होती, पण ताटल्या तीन होत्या. तिसरी स्वच्छ, पालथी. सई झोपलेली, भाषांतराला कोणी नाही. असुंता हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं बोलली. तू म्हणालास, येतो. तो म्हणाला, या. तू जात नाहीस. तो वाट बघतो. मग तिनं सईच्या दाराकडं बघितलं. तू जात नाहीस, तर तो तुझं माणूस ओढतो.

शाळेत शिकलो होतो तेवढ्याच शब्दांत सांगितलं तिनं. एकही शब्द अडला नाही. अडला असता तर बरं झालं असतं.

उपाय तिनंच सांगितला. जायचं, आणि अद्दीओ म्हणायचं.

मी म्हटलं, नाही.

हट्ट म्हणा. आमच्या घरात जातो म्हणून उंबरा कोणी ओलांडलेला नाही. रोज पहाटे घाटात गाडी उतरवायला निघायचो, धुकं असायचं, दरड पडलेली असायची. निघताना शालनला येतो म्हणायचो, ती आतून या म्हणायची, आणि संध्याकाळी मी परत यायचो. ज्याच्यावर आयुष्यभर परत आलो तो शब्द मोडायचा? आणि मी येतो म्हणालो होतो, ते काय घाबरून मागं घ्यायचं? असुंता म्हणाली, चुच्चो. चुच्चो म्हणजे गाढव. हा शब्द शाळेत शिकवला नव्हता, तरी कळला.

मी उठून सईच्या खोलीत जाऊन बसलो. खिडकीच्या फळ्या लावलेल्या, फटीतून उन्हाची एक पट्टी पलंगावर पडलेली. बाहेर गल्लीत कसलाही आवाज नाही. मी फडकं ओलं करून तिच्या कपाळावर ठेवायला वाकलो. डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले.

"मी केव्हाचा थांबलोय," ती म्हणाली.

मी फडकं तसंच हातात धरून बसलो. सईला बाई-बुवा कळत नाही हे मला माहीत आहे. ती स्वतःला कधी थांबलो म्हणते, कधी थांबले. सुहास असता तर म्हणाला असता, आप्पा, नेहमीचीच चूक. पण केव्हाचा हा शब्द तिला येत नाही. तिच्या तोंडून मी तो कधी ऐकलेला नाही. ती असल्या जागी ‘फॉर सो लाँग’ म्हणते.

मी टोपी घातली. असुंताला म्हटलं, तू हिच्याजवळ बस. देवळाचं दार उघडायला सांग.

पुन्हा खाली

असुंतानं राखणदाराला फोन केला. तो जेवणावरून उठून आला, बाजूचं दार उघडलं आणि आत न येता परत गेला. रस्त्यात मला मांजरसुद्धा आडवं आलं नाही. सगळी दारं बंद, फोटोंखालचे लाल दिवे तेवढे फटींतून दिसत होते.

खाली असुंताची सोमवारची मेणबत्ती विझून गेली होती. मी नवी लावली. पेटीच्या काचेवरून आतून पाणी ओघळत होतं. काच सरकवली, खिशातला रुमाल काढला आणि ती कवटी पुसली. थंडीच्या पहाटे पहिल्यांदा स्टिअरिंगला हात लावल्यावर लागायचं, तसं लागलं. पुसली की पुन्हा ओली. मग रुमाल तसाच तिच्यावर राहू दिला आणि बोललो. मराठीतच बोललो. त्याला कळत होतं, त्याशिवाय त्यानं उत्तर दिलं नसतं.

म्हटलं, "हे बघा राव. मी येतो म्हणालो, ते खोटं नाही. पण आमच्यात ते सगळ्यांनाच म्हणतात. दुकानदारालाही म्हणतात. तुम्हाला वाटलं असेल आजच येतो."

मी रुमाल सारखा केला.

"असुंता म्हणते अद्दीओ म्हणा. ते मी म्हणणार नाही. शब्द मागं घ्यायची मला सवय नाही आणि तुम्हाला तोडून टाकायचं मला कारण नाही. तुम्ही नाव सांगितलं नसलं तरी मला या म्हणालात. पण तुमच्या आधी एका ठिकाणी शब्द दिलेला आहे."

हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. लंडनमध्ये माणसाला जाळायचं म्हणजे एक खोली असते, गालिचा घातलेली. पेटी ठेवतात, पुढं पडदा सरकतो, आणि घरच्या माणसानं एक बटण दाबायचं. लाकूड नाही, धूर नाही, कवटी फुटल्याचा आवाज नाही. सुहासनं माझं बोट धरून बटणावर ठेवलं. पडदा मिटत होता. मी म्हटलं, शालन, येतो. लोकांना वाटलं मी रडतोय.

ते त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "तर तिचा नंबर आधी. रांगेतून गाडी काढून मी कधी पुढं घातली नाही. तिच्याकडं जाईन, मग तुमच्याकडं. एवढी वर्षं थांबलात, आणखी थांबा. आणि पोरीला सोडा. ती तुम्हाला काही म्हणालेली नाही. शब्द माझा आहे, माझ्याशी बोला."

मी काच लावली. मेणबत्ती सरळ जळत होती. आता निघायचं, तर म्हणायचं काय? येतो म्हणता येत नव्हतं. जातो म्हणणार नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा एका जागेवरून मी काही न बोलता निघालो, चोरासारखा.

अर्ध्या पायऱ्या चढलो तेव्हा खाली आवाज झाला. बोलण्याचा नाही. उभं राहून राहून दमलेलं माणूस, आता वाट बघायचीच आहे म्हटल्यावर, गुडघ्यावर हात देऊन खाली बसतं. कड्‌कन गुडघा वाजतो, मग एक श्वास सुटतो. तो आवाज. मी मागं बघितलं नाही. पायऱ्या मोजल्या नाहीत. वर आलो तेव्हा ऊन एवढं होतं की डोळ्यांसमोर काही दिसेना.

घरी सई उशीला टेकून बसली होती, हातात टोस्ट. कपाळ गार, घामानं ओलं.

"आजोबा, कुठे गेला होता? असुंता रडत होता."

"होती," मी म्हटलं. "रडत होती."

"काय म्हणाले तुम्ही त्याला?"

"खरं ते सांगितलं."

डॉक्टरनं सांगितलेले दोन-तीन दिवस त्याच दिवशी भरत होते. तेही खरं आहे. मी दोन्ही लिहिलंय.

पिनर

शेवटच्या दिवशी मार्तीनाबाईंनी वर्गात सगळ्यांशी हात मिळवला आणि मला आरिवेदेर्ची म्हणाल्या. मीही म्हणालो, उच्चार बरोबर आला. असुंताच्या दारात मात्र तसं झालं नाही. सामान खाली गेलं, सई टॅक्सीपाशी उभी, मी टोपी सारखी केली आणि तोंड उघडणार तोच असुंतानं तिचा हात माझ्या तोंडावर ठेवला. हाताला लसणाचा वास होता. तसाच ठेवून तिनं मान हलवली, मीही हलवली, आणि मी जिना उतरलो.

शहर बघण्यासारखं आहे. जाणाऱ्यांनी जावं. डोंगर बघा, तळलेला पिझ्झा खा, शिंपले खायचे की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. खाली गेलात तर हात जोडा आणि गप्प राहा.

मी परत आल्यावर सुहासनं विचारलं, आप्पा, आता डे सेंटरचं काय? मी म्हटलं, मला घरात काम आहे. त्याला ते पटलं नाही, पण ते खरं आहे. माझी आता दोन ठिकाणी वाट बघतात. एकजण तिथं खाली बसलाय, त्याचं नाव मला माहीत नाही, पण मी येतो म्हटल्यावर त्यानं या म्हटलं होतं. शालन काही बोलली नाही. पडदा मिटला, बटण दाबलं, आणि ती जन्मात पहिल्यांदा या म्हणाली नाही. ती म्हणत नाही तोवर मला तिच्याकडं जाता येत नाही, आणि तिच्याआधी दुसरीकडं कुठंच नाही.

दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा मी रेडिओ लावत नाही. ऐकू आलं पाहिजे.